दुर्री ते छक्की : टुर्नामेंटमध्ये छोट्या जोड्यांचं करायचं काय?

कांजूरचा_किलवर (धागाकर्ता)

मंडळी, इथे पत्त्यांवर धागे निघतात ते सगळे रमीचे नाहीतर तीन पत्तीचे, पोकरवर कोणी फारसं लिहीत नाही. तरी काढतोय, कारण ग्रुपवर भांडून भांडून घसा बसलाय.

विषय टेक्सास होल्डएम (पोकरचा प्रकार, प्रत्येकाला दोन पत्ते आणि मधे सगळ्यांचे पाच), आणि तोही टुर्नामेंटचा. कॅश गेमवाल्यांनी कृपया त्यांचं गणित इथे आणू नये, तिकडे चिप्स संपल्या की नवीन घेता येतात, इकडे संपल्या की घरी.

पार्श्वभूमी अशी की आमच्या बिल्डिंगमधली आणि ऑफिसातली पोरं मिळून पूर्वी अ‍ॅपवर ५५ रुपयेवाल्या आणि ११० रुपयेवाल्या टुर्नामेंट खेळायचो. ऑगस्ट २०२५ मध्ये नवीन कायदा आला आणि पैशाचं सगळं बंद झालं. मग त्याच टोळक्याने प्रायव्हेट टेबल लावून फुकटच्या चिप्सवर चालू ठेवलंय, कोणी कोणाला काही द्यायचं नाही घ्यायचं नाही, ग्रुपवर फक्त पॉइंट्सचा तक्ता लागतो आणि शेवटच्या नंबरवाल्याला आठवडाभर शिव्या. पण खेळण्याची सवय तीच ५५ रुपयांची राहिलीये, म्हणजे जोडी आली की फ्लॉप (मधले पहिले तीन पत्ते) बघायचाच.

आता हात सांगतो. ब्लाइंड (डावाआधी दोघांनी सक्तीने टाकायच्या रकमा, स्मॉल आणि बिग) २००/४००, वर बिग ब्लाइंडने भरायची अँटी (अजून एक सक्तीची रक्कम) ४००. माझ्याकडे ८०००, म्हणजे २० बीबी. मधल्या पोझिशनवरून एकाने रेझ करून ९०० केले, त्याच्याकडेही धरून चाला तेवढेच. मधले सगळे गेले. मी बटणावर (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलायची जागा), हातात इस्पिक-बदाम पंजीची जोडी. मी फोल्ड केलं, म्हणजे पत्ते सोडले.

त्यावरून जे काही सुरू झालंय ते विचारू नका. "जोडी फोल्ड करतो?" "९०० तर आहेत, फ्लॉप बघायचा ना" "सेट लागला असता तर त्याचे सगळे आपले होते". (सेट म्हणजे हातातल्या जोडीचा तिसरा पत्ता बोर्डवर येणं.) माझं म्हणणं एवढंच की २० बीबीला फक्त फ्लॉप बघायला ९०० घालवणं परवडत नाही. फोल्ड किंवा सरळ ऑल-इन (सगळ्या चिप्स पुढे), यातलं काहीतरी एक बोला, कॉल (समोरच्याएवढीच रक्कम भरणं) नको. ग्रुपात मी एकटा पडलोय, इथे कोणी माझ्या बाजूने आहे का ते बघतोय, नसलं तरी का नाही ते सांगा.

भाईंदरचा_भिडू

मी त्याच ग्रुपातला, इथे पण येणार मी, सोडणार नाय.

भाई बटणावर पंजीची जोडी फोल्ड करायची तर पत्ते हातात घेतो कशाला, लांबून बघत बस की. सेटची मजा हीच आहे की समोरच्याला दिसतच नाय, बोर्डवर एक्का-नव्वी-पंजी आली आणि त्याच्याकडे एक्का-राणी असली की तो गेला, त्याला झोपेत पण कळणार नाय की तू कुठून आलास. ९०० टाकून ८००० मिळतात. याला परवडत नाय म्हणणारा माणूस वडापाव पण ईएमआयवर घेत असेल.

गणिती_गुलाम

भिडू, "९०० टाकून ८००० मिळतात" हे वाक्य अर्धंच आहे. कितीदा मिळतात ते पण लिहायला पाहिजे.

हातात जोडी असताना फ्लॉपवर सेट किंवा त्याहून मोठं काही लागायची शक्यता ११.७६ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वेळात एकदा. एकदा लागलं तर साडेसात वेळा नाही लागलं. आता या साडेसात वेळा ९०० गेले, म्हणजे ६७५०. हे सगळे त्या एका वेळेत वसूल व्हायला पाहिजेत, तेव्हा कुठे बरोबरीत.

त्या एका वेळेस मिळतं काय? मधे आधीच पडलेले त्याचे ९००, दोन ब्लाइंडचे ६००, अँटी ४००, झाले १९००. म्हणजे उरलेले ४८५० समोरच्याकडून फ्लॉपनंतर काढायचेत. त्याच्याकडे मागे ७१०० आहेत. तर सरासरीने दर वेळेस त्याने उरलेल्या स्टॅकचा (चिप्सच्या ढिगाचा) ६८ टक्के भाग तुला आणून द्यायला पाहिजे. दर वेळेस. त्याच्याकडे राजा-राणी आहे आणि फ्लॉप अठ्ठी-पंजी-दुर्री आला तरीही. तो एक सी-बेट (आधी रेझ केलेल्यानेच फ्लॉपला लावलेली बेट) टाकेल, तू कॉल केलास की गप्प बसेल, मिळाले किती? हजार-बाराशे. आणि कधी कधी सेट लागूनही हरतो, फ्लश येतो, स्ट्रेट येतो, ते तर मी धरलंच नाहीये.

बरं सेट नाही लागला तर निदान जोडी तरी आहे म्हणशील. पंजीच्या वरचे पत्ते डेकमध्ये ३६ आहेत. फ्लॉपवर एकही मोठा पत्ता न येण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी. म्हणजे जवळजवळ दर वेळेस बोर्डवर तुला घाबरवणारं काहीतरी असणार, आणि तू घाबरून सोडणार, भले समोरच्याकडे काही नसलं तरी.

म्हणून खेळणाऱ्यांमध्ये ढोबळ हिशोब असा की फक्त सेटच्या आशेने कॉल करायचा असेल तर कॉलच्या रकमेच्या निदान पंधरापट तरी मागे पाहिजे, वीसपट असेल तर अजून बरं. आणि हे दोघांपैकी ज्याचा स्टॅक लहान त्याच्यावरून मोजायचं. तुझ्याकडे पन्नास हजार आणि त्याच्याकडे पाच हजार, तर हिशोब पाच हजाराचाच. इथे ८०००, भागिले ९००, म्हणजे नऊपटसुद्धा नाही.

धागाकर्त्याशी सहमत. कॉल नाहीच.

निव्वळ_वाचक

मला पोकरमधलं ओ की ठो कळत नाही पण धागा वाचायला मजा येतेय. बीबी म्हणजे काय तेवढं सांगा, मी इतका वेळ बायको समजून वाचत होतो, "माझ्याकडे २० बीबी" वाचून दचकलो.

कांजूरचा_किलवर

😂 बिग ब्लाइंड हो. दर डावाला एकाला सक्तीने टाकावी लागणारी रक्कम. ती ठरावीक मिनिटांनी वाढत जाते, त्यामुळे हातात चिप्स किती यापेक्षा त्या किती बीबी होतात ते बघायचं. ८००० सुरुवातीला डोंगर वाटतात, तासाभराने त्याच ८००० चे पाच बीबी झालेले असतात.

स्वाती_ठाणे

कॉल नको इथपर्यंत ठीक, पण ऑल-इनचा विचार कोणीच केला नाही. मी असते तर आधी तेच बघितलं असतं.

समजा तू ८००० टाकलेस. ब्लाइंडवाल्यांकडे काही नाही असं धर. रेझ करणाऱ्याने पन्नास टक्के वेळा सोडलं तर तेव्हा १९०० आपोआप तुझे. बाकी पन्नास टक्के वेळा त्याने कॉल केला तर पॉट (मधे जमलेली सगळी रक्कम) १७०००, आणि त्याचे कॉल करायचे पत्ते अठ्ठीच्या जोडीपासून वर आणि मोठे एक्के असे धरले तर पंजीला साधारण ३८ टक्के मिळतात, म्हणजे ६४६०, टाकलेले ८०००, तोटा १५४०. दोन्ही मिळून बघितलं तर दर वेळेस १८० च्या आसपास फायदा. म्हणजे अर्धा बीबी पण नाही. आणि रेझ करणारा कंजूष निघाला, साठ टक्के वेळा कॉल करणारा आणि तोही चांगल्या पत्त्यांनीच, तर हाच आकडा साडेतीनशेच्या वर तोट्यात जातो.

त्यामुळे पत्त्यांपेक्षा माणूस बघायचा. जो दर दुसऱ्या हाताला रेझ करतो त्याच्यावर ऑल-इन. जो अर्धा तास गप्प बसून आज पहिल्यांदा हलला त्याच्यावर मुकाट फोल्ड. किलवर, तुझा तो रेझवाला कसा होता ते तू लिहिलंच नाहीस.

अजून एक. हाच हात तू बिग ब्लाइंडमध्ये असतास तर? तेव्हा तुला फक्त ५०० घालायचे असते, पॉट तोच १९००. गुलामभाऊंच्याच पद्धतीने, ५०० गुणिले साडेसात ३७५०, त्यातून १९०० वजा, उरले १८५०. ७१०० पैकी १८५० म्हणजे २६ टक्के. ते मिळू शकतात. तिथे मी डोळे झाकून कॉल करते. पोझिशन वाईट असते खरी, तरी स्वस्त ते स्वस्त.

कांजूरचा_किलवर

रेझवाला म्हणजे आमचा अकाउंट्सवाला, तो एक्का-राजाशिवाय पत्ते उचलत नाही. त्यामुळे फोल्ड 😎

बिग ब्लाइंडचं पटलं. ग्रुपात कोणीच हे वेगळं करत नाही, बटण असो की ब्लाइंड, जोडी म्हणजे कॉल.

मुलुंड_टू_लंडन

उशिरा आलो. मी मूळ मुलुंडचा, सध्या लंडनला. इकडे लायसन्सवाल्या साइटवर चालतं, त्यामुळे अजून पैशाने खेळतो पण छोटंच, २.२० आणि ५.५० डॉलरवाल्या टुर्नामेंट. ऑफिसातून येऊन दोन टेबल लावतो, बायको सिरीयल बघते तेवढा वेळ.

वर सगळं २० बीबीचं चाललंय पण छोट्या जोड्यांचा खरा पैसा सुरुवातीच्या लेव्हलला असतो आणि त्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सुरुवातीला प्रत्येकाकडे १०० बीबी किंवा जास्त असतात, कोणीतरी अडीच बीबी रेझ करतं, म्हणजे चाळीसपट मागे आहे. तिथे दुर्रीची जोडी पण कॉल करायची, काही प्रश्नच नाही. आणि या स्वस्त टुर्नामेंटमधली पब्लिक कशी असते तर एक जण लिम्प करतो (रेझ न करता नुसता बिग ब्लाइंड भरून आत येतो), त्याच्या मागे अजून तिघं लिम्प करतात, जणू भंडारा आहे. अशा ठिकाणी मागून स्वस्तात आत शिरायला छोट्या जोडीइतकं चांगलं काही नाही, कारण निर्णय सोपा असतो, लागलं तर खेळा नाही तर सोडा. पाच जण आत असताना सेट न लागलेली चव्वीची जोडी म्हणजे काहीच नाही, एक सुद्धा बेट कॉल करू नका.

लागल्यावर मात्र लोक नाटकं करायला लागतात. सेट लागला की चेक करून बसायचं, "येऊ दे त्याला". अरे कशाला? या लेव्हलला लोक येतात ते कॉल करायला, फोल्ड करायला नाही. त्यांच्याकडे एक्का आहे, ते तीन बेट कॉल करणारच आहेत, तुम्ही एक बेट कमी टाकली तर शेवटी पॉट अर्धासुद्धा होत नाही. फ्लॉपला बेट, टर्नला (चौथा पत्ता) मोठी बेट, रिव्हरला (पाचवा) सगळं. हुशारी दाखवायची ती मोठ्या टुर्नामेंटमध्ये. आणि बोर्डवर दोन बदाम असले तर चेक करून तिसरा बदाम फुकट दाखवणं तर अजिबातच नको.

सेटवर सेटची भीती पण काही लोक उगाच घेऊन बसतात. दोघांकडेही जोड्या असल्या तरी दोघांनाही फ्लॉपवर सेट लागणं शंभरात एखाद्या वेळेस होतं. झालं तर झालं, १०० बीबी गेले, नवीन टुर्नामेंट उघडा. दुर्रीचा सेट फोल्ड करणारा माणूस दीर्घकाळात जास्त हरतो.

एक गोष्ट मात्र बघा की टुर्नामेंट टर्बो आहे का साधी. टर्बोत लेव्हल इतक्या पटापट चढतात की ही १०० बीबीवाली मजा तीन-चार लेव्हलमध्ये संपते, नंतर सगळं स्वातीताई म्हणतात तसं ऑल-इन नाहीतर फोल्ड.

गिरगावकर_काका

तुमचं गणित चालू द्या, मी एक वेगळं बोलतो. आमच्या वेळेस गणपतीत जागरणाला पत्ते बसायचे, पाच-पाच पैसे पॉइंट, त्यावर पण आजोबा ओरडायचे. तुम्ही टक्केवाऱ्या काढून जुगाराला इंजिनियरिंग बनवलंत. सरकारने बंद केलं ते बरंच झालं असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या चाळीतल्या एका पोराने अशाच अ‍ॅपवर पगार घालवलेला मी डोळ्याने बघितलाय, तो पण म्हणायचा मला गणित येतं.

स्वाती_ठाणे

काका, तुमचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. गणित येणारे पण घालवतात, कारण गणित येणं वेगळं आणि रात्री दोन वाजता हरल्यावर उठून झोपायला जाणं वेगळं. म्हणूनच आम्ही फुकटच्या चिप्सवर आहोत ना.

कायद्याचं पण सांगते कारण इथे लोक अर्धवट बोलतात. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झालेल्या केंद्राच्या कायद्याने ऑनलाइन पैशाचे खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, तो वादच त्यात ठेवला नाही. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, नुसत्या खेळणाऱ्याला नाही. पैसे न लावता खेळायच्या सोशल गेम्स आणि ई-स्पोर्ट्स यांना त्यात जागा आहे. आपल्याकडचा जुगाराचा जुना कायदा १८८७ चा, त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, आणि पोकर त्यात बसतं का यावर वकील लोक वर्षानुवर्षं भांडतायत.

खरं सांगायचं तर छोट्या टुर्नामेंटमध्ये आधीही फार काही उरत नव्हतं. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्यावर ३० टक्के टीडीएस, ऑक्टोबर २०२३ पासून डिपॉझिटवर २८ टक्के जीएसटी, वर अ‍ॅपची फी. पंजीच्या जोडीने जिंकून कोणी माहीमला फ्लॅट घेतलेला नाही.

गिरगावकर_काका

बरं बाई. फुकट आहे तर खेळा. मला बदाम सात येतं, त्याचा धागा काढला तर हाक मारा.

भाईंदरचा_भिडू

काका तुम्ही ग्रुपात या, तुमच्यासारखे दोन आले की माझा नंबर वर जाईल.

आता मुद्द्यावर. सगळे गणित गणित करतायत म्हणून एक उदाहरण देतो. २००९ ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, मेन इव्हेंट, जो काडा. एकवीस वर्षांचं पोरगं. फायनल टेबलवर तिर्रीच्या जोडीने ऑल-इन, समोर जेफ शुलमनकडे गुलामांची जोडी, तिर्री लागली. नंतर दुर्रीच्या जोडीने ऑल-इन, समोर राण्यांची जोडी, दुर्री लागली. पोरगं वर्ल्ड चॅम्पियन, त्या वेळचा सगळ्यात लहान. त्याने फोल्ड केलं असतं तर? आज आपण त्याचं नाव घेतलं असतं का?

गणिती_गुलाम

नसतं घेतलं, बरोबर. पण आपण नाव त्याचंच घेतोय हाच तर लोचा आहे. मोठ्या जोडीसमोर छोट्या जोडीला साधारण १९ टक्के मिळतात. असे दोन्ही हात लागायची शक्यता चार टक्क्यांच्या आत. बाकी ज्यांना नाही लागले ते विमान पकडून घरी गेले आणि त्यांच्यावर कोणी धागे काढत नाही.

आणि शेवटचा हात पण सांग ना पूर्ण. तो नव्वीच्या जोडीने जिंकला, समोर राणी-गुलाम होते. तिथे तो आधीपासून पुढे होता. तो हात छोट्या जोडीचा खरा उपयोग दाखवतो, दोन मोठ्या सुट्या पत्त्यांसमोर जोडी थोडी पुढे असते. अर्थात नेहमी नाही, दुर्रीच्या जोडीसमोर एकाच रंगाचे गुलाम-दश्शी आले तर उलट तेच थोडे पुढे असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

परळ_शटल

मला १० बीबीचं कोणीतरी सांगा. सगळे म्हणतात दहाच्या खाली गेलं की जोडी दिसली की ऑल-इन टाक. पण आमच्या टेबलवर कोणी फोल्डच करत नाही. मग चव्वीची जोडी टाकून फायदा काय, कॉल तर येणारच.

गणिती_गुलाम

चांगला प्रश्न आहे, कारण इथे बहुतेकांचा अंदाज उलटा असतो.

बटणावर ४०००, ब्लाइंड तेच २००/४०० आणि अँटी ४००, मधे १००० पडलेत. चव्वीची जोडी ऑल-इन. पहिला प्रकार, लोक शहाणे आहेत, दोघं मिळून ३५ टक्के वेळाच कॉल येतो, पण चांगल्या पत्त्यांनी, म्हणून तुला ४२ टक्केच मिळतात असं धरू. ६५ टक्के वेळा १००० आले, म्हणजे ६५०. बाकी वेळा पॉट ८६०० चे ४२ टक्के ३६१२, टाकले ४०००, तोटा ३८८, त्याचे ३५ टक्के १३६. निव्वळ ५१४.

दुसरा प्रकार, तुझं टेबल. ७० टक्के वेळा कॉल. पण मग कॉल करणारे राणी-अठ्ठी, गुलाम-सत्ती, काय वाट्टेल ते घेऊन येतायत. त्यांच्यासमोर चव्वीला ५० टक्के धर. ३० टक्के वेळा १०००, म्हणजे ३००. बाकी ७० टक्के वेळा ८६०० चे अर्धे ४३००, वजा ४०००, फायदा ३००, त्याचे २१०. निव्वळ ५१०.

बघ, जवळजवळ सारखंच. लोक फोल्ड करत नाहीत म्हणून छोटी जोडी टाकायची नाही हे खरं नाही. फरक एवढाच की तुझ्या टेबलावर तू जास्त वेळा शोडाऊनला (शेवटी पत्ते उघडायला) जाणार, जास्त वेळा बाहेर पडणार आणि जास्त वेळा डबल होणार. एकाच रंगाच्या सत्ती-चव्वीसारखे पत्ते मात्र अशा टेबलावर टाकू नकोस, त्यांची सगळी कमाई समोरच्याच्या फोल्डमध्ये असते.

हे बटणावर हां. नऊ जणांच्या टेबलावर सगळ्यात आधी बोलायची पाळी तुझी असेल तर गोष्ट वेगळी. मागच्या आठ जणांपैकी कोणाकडे तरी चव्वीहून मोठी जोडी असायची शक्यता ३३ टक्क्यांच्या आसपास आहे, तीनात एक. बटणावर मागे दोघंच, तिथे तीच शक्यता दहा टक्के. एकच जोडी, एकच स्टॅक, फक्त खुर्ची बदलली. त्यामुळे पहिल्या खुर्चीवर १० बीबीला दुर्री-तिर्री मी सोडतो, पंजी-छक्की टाकतो, चव्वीला टेबल बघतो.

परळ_शटल

हे स्क्रीनशॉट मारून ठेवलं. ५१४ आणि ५१० चं खरंच वाटलं नव्हतं.

लगे हाथ दुसरा. आमच्यात पहिल्या तिघांना पॉइंट, ५०-३०-२०. चार जण उरलेले. दोघांकडे प्रत्येकी तीन-तीन बीबी, ते कधीही जाणार. माझ्याकडे १२, मी बिग ब्लाइंड. स्मॉल ब्लाइंडवाल्याकडे १५, तो प्रत्येक हात ऑल-इन करतोय, पत्ते न बघता. मला छक्कीची जोडी. मी कॉल केला. बरोबर ना? तो काहीही टाकतोय म्हटल्यावर मी पुढेच.

स्वाती_ठाणे

पुढे होतास, आणि तरी कॉल चूक.

छक्कीची जोडी कोणत्याही दोन पत्त्यांसमोर ६३ टक्के जिंकते. चिप्सच मोजायच्या असत्या तर नाचत कॉल. पण इथे चिप्स मोजायच्या नाहीत, पॉइंट मोजायचे. यालाच आयसीएम म्हणतात, हातातल्या चिप्सची बक्षिसांत किंमत काढायची पद्धत. मी तुझे आकडे टाकून हिशोब केला. फोल्ड केलास तर तुझ्याकडे ११ बीबी उरतात आणि त्यांची किंमत १०० पैकी साधारण ३२ पॉइंट, कारण दोन मरतुकडे तुझ्या आधी जायचेत. कॉल करून जिंकलास तर २४ बीबी, किंमत साधारण ४४. चिप्स दुप्पट झाल्या, पॉइंट एक तृतीयांशच वाढले. हरलास तर चौथा नंबर, शून्य. म्हणजे १२ मिळवायला ३२ लावतोयस. बरोबरीत यायला ७४ टक्के जिंकायला पाहिजे.

तो पत्ते न बघता टाकतोय असं धरलं तरी नव्वीची जोडी पण पुरत नाही, तिला ७२ टक्के मिळतात. दश्शीपासून पुढे कॉल. छक्की तर लांबच राहिली.

आणि यातली गंमत म्हणजे त्याच जागी तुझी ऑल-इन करायची पाळी असती आणि समोरच्याला कॉल करायची, तर छक्की काय दुर्री पण टाकायला चालली असती, कारण मग हे ७४ टक्क्यांचं ओझं त्याच्या डोक्यावर. तो स्मॉल ब्लाइंडवाला येडा नाहीये, त्याला हे बरोबर कळलंय.

मुलुंड_टू_लंडन

+१. सॅटेलाइटमध्ये (मोठ्या टुर्नामेंटचं तिकीट जिंकायची टुर्नामेंट) तर याच्याही पुढे. तिथे दहा जणांना सारखंच तिकीट आणि अकरा उरले असतील, तर पोटभर चिप्स असलेला माणूस एक्क्यांची जोडी सुद्धा सोडू शकतो आणि ते बरोबर असू शकतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पण वाटलं होतं सांगणारा घेऊन बसलाय.

भाईंदरचा_भिडू

एक्के फोल्ड. देवा.

बरं ऐका, आत्ता खेळतोय, लाइव्ह प्रश्न. ५ बीबी उरलेत, बटणावर आहे, मागचे दोघं काहीही कॉल करतात. दुर्रीची जोडी. लवकर बोला टायमर चालू आहे.

गणिती_गुलाम

टाक. दुर्री कोणत्याही दोन पत्त्यांसमोर पन्नासच्या केसभर वर आहे आणि मधे फुकटचे पडलेत.

भाईंदरचा_भिडू

टाकली. एक्का-सत्तीने कॉल. बोर्ड राजा-नव्वी-तिर्री, टर्न राजा, रिव्हर नव्वी. माझी जोडी होती त्याची नव्हती आणि तरी पॉट त्याला दिला!! अ‍ॅपमध्ये गडबड आहे, कोणाला कंप्लेंट करायची?

गणिती_गुलाम

गडबड नाही रे. पाच पत्ते मोजतात. बोर्डवर राजांची जोडी आणि नव्वीची जोडी, तुझी दुर्रीची जोडी तिसरी, तिला कोण विचारतो. तुझा पाचवा पत्ता बोर्डवरची तिर्री, त्याचा पाचवा पत्ता एक्का. याला काउंटरफिट होणं म्हणतात आणि जोडी जितकी लहान तितकं जास्त वेळा होतं, कारण बोर्डवर पडणारी बहुतेक कुठलीही जोडी तुझ्याहून मोठीच असते. अठ्ठीची जोडी असती तर तिर्री-चव्वीसारख्या जोड्या पडल्या तरी तुझी मोडली नसती. हात टाकला तो ठीकच टाकलास, ५ बीबीला अजून काय करणार होतास.

कांजूरचा_किलवर

भिडू, तक्त्यात तू आत्ता शेवटून दुसरा. अकाउंट्सवाला अजून आत आहे, २२ बीबी, अजून एकही हात खेळलेला नाही.